मामांचा उलटा डबा

शहागडच्या मामांइतका तारांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो मामांच्याच हाताखाली शिकलेला निघेल. मामा तसे माझे कोणी नव्हेत. आमच्या ऑर्केस्ट्रात जो कीबोर्ड वाजवतो, त्याचे ते सख्खे मामा. हायवेला लागून त्यांचं दुकान होतं, आणि तिथं ट्रकचं वायरिंग करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. मी शाळेत गणित शिकवतो आणि लग्नसराईत गिटार वाजवतो. पहिल्या कारणासाठी मामा मला मास्तर म्हणतात, आणि दुसऱ्या कारणासाठी त्यांनी मला जवळ केलं.

चाळीस वर्षं हॉर्न तपासून तपासून मामांचे कान गेले. शर्टाच्या खिशात ऐकण्याची मशीन असते, तिची वायर कानात. कोणी उपदेश करायला लागलं की मामा खिशात हात घालून मशीन बंद करतात आणि मान डोलवत बसतात. सांगणारा खूश, मामाही खूश. मात्र यंत्राचं ऐकायला त्यांना कानांची गरज कधीच पडली नाही. बॉनेटवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचा. एकदा आमच्याकडे चहाला आले, तर चहा राहिला बाजूला, फ्रिजवर हात ठेवून उभे. माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, हा दमून गेलाय. आठ दिवस काढल." फ्रिजने सहाव्या दिवशी मान टाकली, तेव्हा मामांनाच दोन दिवस चुकल्याचं वाईट वाटलं.

मामांचा खरा अभिमान म्हणजे त्यांचा म्युझिकल हॉर्न. सात सुरांची एक चाल त्यांनी स्वतः बसवली होती आणि ती ते मोजक्याच ट्रकना देत. त्यांची नात शाळेसाठी त्यांच्याकडेच राहायची. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला दुकानात जो ट्रक उभा असेल, त्यावर मामा ती चाल वाजवत आणि पोरगी दप्तर उडवत धावत येई. तिचं लग्न ठरलं तेव्हा मामा मला म्हणाले, "मास्तर, पोरगी निघताना ती चाल गिटारवर वाजवा. पण तुमची गिटार लई गोड बोलती. हॉर्नसारखी खरखरली पाहिजे."

त्यासाठी मामांनी स्वतः एक डबा केला. जुन्या रेडिओंचे ट्रान्झिस्टर उकरून काढले आणि नातीच्या शाळेच्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात सगळं बसवलं. वर पायाने दाबायचं बटण. गिटारची पिन घातली, बटण दाबलं, की गिटार थेट ट्रकच्या आवाजात ओरडते. "अन्नाचा डबा हाय. पाय लावायच्या आधी नमस्कार करत जा," असं त्यांनी बजावलं, आणि मीही दर वेळी वाकून नमस्कार करू लागलो. लोकांना वाटायचं, मास्तर फार श्रद्धाळू आहेत.

पण या डब्याची एक अडचण होती. गिटारचा आवाज बदलणारे बाजारचे जे डबे मी वापरतो, त्या सगळ्यांत बॉडीला मायनस असतं, जसं ट्रकमध्ये असतं. ते जुने ट्रान्झिस्टर मात्र उलट्या जातीचे, म्हणून मामांनी बॉडीला प्लस जोडलं होतं. गिटारच्या वायरीतून सगळ्या डब्यांच्या बॉड्या एकमेकींना चिकटतात. मग एकाच ॲडॅप्टरवर दोन्ही जाती लावल्या की प्लस-मायनसची थेट गळाभेट. म्हणून याला स्वतःचे सहा पेन्सिल सेल. नातीच्या लाल नेलपॉलिशने मामांनी वर लिहिलं होतं, 'उलटं हाय. चूल येगळी ठेवा.' शिवाय पिन आत राहिली की सेल उतरतात, म्हणून रोज संध्याकाळी फोन, "मास्तर, जेवा मंग, आधी सांगा, पिन काढली का?"

नेमका लग्नाच्या आदल्या दिवशी फोन आला नाही. मामा कामात होते, आणि मी पिन काढायला विसरलो.

लग्न धावड्याला, नातीच्या वडिलांच्या शेतात. दुपारी निरोपाची वेळ झाली, मी नमस्कार करून बटण दाबलं, तर डबा मुका. "सेल गेले वाटतं," असं म्हणत आमच्या कीबोर्डवाल्याने, प्रत्यक्ष भाच्याने, सेल उपटले आणि माझ्या दुसऱ्या डब्याच्या ॲडॅप्टरची तार तिथं जोडली. नेलपॉलिश वाचायला त्याला सवड नव्हती. चट्ट आवाज झाला आणि ॲडॅप्टर गेला. तिकडे पोरगी रडत रडत गाडीकडे निघाली होती. मी मामांना खूण केली.

मामा आले. लग्नातही गळ्यात अडकवलेल्या करंट मोजायच्या मीटरने डबा तपासला. "डबा जित्ता हाय. सेल आणा." गावातलं दुकान लांब, आणि दुकानदार इथंच पंगतीत. मग शेतघरात शोधाशोध सुरू झाली. टीव्हीच्या रिमोटमधून दोन, टॉर्चमधून दोन आणि भिंतीवरच्या घड्याळातून एक. मुहूर्त होऊन गेला होता, त्यामुळे घड्याळ बंद पडल्याचं कोणाला दुःख झालं नाही. पाच झाले.

"पाचवर चालत नाही का, मामा?"

"चालतंय. पर हॉर्न बसल्यावानी वाजतो. तिनं बराबर वळखला पाहिजे."

असं म्हणून त्यांनी खिशातली मशीन काढली, उघडली, तिच्यातला सेल डब्यात बसवला आणि कानातली वायर गुंडाळून खिशात ठेवली. मी काहीतरी बोललो. त्यांना ऐकू येणार नव्हतं. ते माझ्या स्पीकरजवळ खाली बसले, त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

मी सात सूर वाजवले. भर उन्हात, ज्वारीच्या वावरातून, चक्क ट्रक बोलला. गाडीत एक पाय टाकलेली पोरगी थांबली, मागे वळली आणि शालू सावरत धावत सुटली. मामांचे डोळे मिटलेलेच. तिने येऊन स्पीकरवरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. मामा डोळे न उघडता म्हणाले, "शाळा सुटली का?"

मला पुढचं नीट वाजवता आलं नाही, हे मी कबूल करतो.

आता मामा थकले आहेत. शहागडचं दुकान बंद आहे आणि मशीन लावूनही त्यांना फारसं ऐकू येत नाही. संध्याकाळचे फोनही थांबले. पिन मात्र मी न चुकता काढतो, आणि गिटारच्या पिशवीत नेहमी नवे सेल ठेवतो. डब्याला सहा लागतात. मी सात ठेवतो.