म्हाताऱ्याच्या पोटातली स्थळं

आमची नाईटलाईफ साडेनऊला संपते. हसू नका. आम्ही चौघं गे माणसं, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बेळगावात कॅम्पमधल्या एका गार्डन रेस्टॉरंटात भेटतो. त्यातल्या खानापूरच्याला शेवटची बस गाठायची असते, कारण तो घरी पोचल्याशिवाय त्याची आई जेवत नाही. पोस्टातून रिटायर झालेल्या आप्पांना बीपीची गोळी वेळेवर लागते. उरलो मी आणि माझा निपाणीकर. आम्ही दोघं नऊपासूनच जांभया द्यायला लागतो. वेटरला आम्ही एकाच ऑफिसातले वाटतो. गेली कित्येक वर्षं तो पाण्याचे ग्लास ठेवताना विचारतो, "काय साहेब, मीटिंग काय?" आणि आप्पा गंभीरपणे म्हणतात, "व्हय, महत्त्वाची हाय."

डिसेंबर आला की कॅम्पात चांदण्या लागतात, बेकऱ्यांतून केकचा वास सुटतो, आणि पुण्याचा एक जुना मित्र आम्हाला पार्ट्यांचे व्हिडिओ पाठवायला लागतो. चमचमते कपडे, धूर, गाणी, कुणी कुणाच्या खांद्यावर. आम्ही चौघं एका फोनवर डोकी घालून ते बघतो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मला तिथं कुणी फुकट नेलं तरी मी दहा वाजता खुर्चीच शोधीन.

आमच्या मीटिंगचा खरा विषय म्हणजे काय बघायचं. पिक्चर, सिरीज, कुठल्याही भाषेतलं. ज्याला काही सापडेल त्यानं सांगायचं. आप्पांची एकच अट, शेवटी कुणी मरता कामा नये. "आमच्या वेळचं काय बी बघा, आमच्यातला एक मरायचाच, न्हायतर स्टेशनवर जाऊन रडत बसायचा," असं ते म्हणतात. खानापूरचा आईशेजारी बसून परदेशी सिरियली बघतो, खालची अक्षरं वाचून आईला गोष्ट सांगतो, आणि अवघड जागा आली की दोन हिरोंना खुशाल चुलतभाऊ करून टाकतो. माझा निपाणीकर जनावरांचा डॉक्टर आहे. तो दहा मिनिटांत झोपतो. एकदाच शेवटपर्यंत जागा राहिला, कारण त्यात घोडा होता. "त्या घोड्याचा मागचा पाय दुखतोय, दिसंना झालंय काय कुणाला? आन् ह्या दोघांना चुंबनाचं पडलंय!" एवढंच त्याचं परीक्षण.

ही सगळी यादी मी पुढं एका माणसासाठी वापरत होतो. माझी आक्का.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. चिकोडीला मराठी शाळेत बाई आहे, पण घरी आमच्याकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' असंच बोलते. आई लवकर गेली, पुढं आमचे वडील, आबा, तेही गेले, मला तिनंच वाढवलं. आजोबा दुसऱ्यांच्या तंबाखूत राबले, आबा शिपाई झाले, आक्का बाई झाली आणि तिच्या पगारावर शिकून मी पॉलिटेक्निकात शिकवायला लागलो. तिला न सांगता मी आयुष्यात एकच गोष्ट केली होती, आणि ती सहा वर्षांपासून माझ्या पिरनवाडीच्या घरात दर शनिवार-रविवार राहायला येत होती. आक्का निपाणीकराला ओळखायची. एकदा त्यानं तिच्या शेळीला औषध दिलं होतं. ती त्याला डॉक्टर म्हणायची आणि मी त्याला मित्र म्हणायचो.

सांगायचं धाडस नव्हतं. ती चिडेल ह्याची भीती नव्हती, चिडकेपणात मी तिच्या वरचढ आहे. ती गप्प बसली तर काय, ह्याची होती. आबांशी ती एकदा दोन वर्षं बोलली नव्हती. माझ्याशी तशी गप्प झाली असती तर मी मेलोच असतो.

म्हणून मी मास्तरकी केली. टीव्हीच्या माझ्या खात्यात तिच्यासाठी वेगळा चौकोन, म्हणजे प्रोफाईल, करून दिला, त्यावर 'आक्का' लिहिलं, आणि अभ्यासक्रम लावला. आधी ज्यात एखादा बिनलग्नाचा काका असतो असलं घरगुती काहीतरी. मग ज्यात हिरॉईनचा मित्र तसा असतो, पण चांगला असतो. मग दोन बायकांचं एक गोड प्रकरण. दर आठवड्याला तिचा फोन यायचा, "काय बघू रं?" मी मोजून मापून सांगायचो. आणि दुसऱ्या आठवड्याला हळूच विचारायचो, "कसं वाटलं?"

"बरं हाय. पर ती बाई आमटीत गूळ घालती बघ. कसं खात्यात कुणास ठाऊक."

दोन बायकांच्या प्रकरणानंतर तर ती म्हणाली की त्यांच्या स्वयंपाकघरातली ओट्याची उंची चुकली आहे. मी फोन ठेवून कपाळावर हात मारून घेतला. 'समलिंगी' हा शब्द मला तसाही भूमितीतला वाटतो, समद्विभुजच्या शेजारचा. तो वापरून तिला सांगायची वेळ आली तर ती खडू घेऊन आकृतीच काढेल, असं मला वाटायचं.

आणि ह्या सगळ्याच्या जोडीला तिची स्थळं चालूच होती. फोनवर पाठवलेलं मी उघडत नाही हे तिला माहीत. म्हणून ती हातानं लिहायची. शाळेच्या रेघांच्या कागदावर, फळ्यावरच्यासारखं गोल अक्षर, मुलीचं शिक्षण, नोकरी, उंची, भाऊ किती, स्वभाव कसा. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती ते कागद माझ्याकडं यायचे. ह्या डिसेंबरात आलेल्या कागदावर खाली लिहिलं होतं, 'रायबागचे पाहुणे पुढच्या रविवारी घरी येणार. इस्त्रीचा शर्ट घालणे.' म्हणजे नुसता कागद नव्हे, माणसंच येणार होती. मला सांगायला आठवडा उरला होता.

आता आमच्या म्हाताऱ्याबद्दल सांगतो. बेळगावात वर्षाच्या शेवटी ओल्ड मॅन जाळतात. जुनी पँट, जुना शर्ट, आत गवत आणि फटाके, डोक्याला टोपी, तोंडात विडी. गल्लीगल्लीत त्याला खुर्चीवर बसवून ठेवतात आणि बाराच्या ठोक्याला पेटवतात. आम्ही चौघं आमचा म्हातारा माझ्या गच्चीवर करतो आणि बस असते म्हणून साडेसातलाच पेटवतो. शेजारच्या काकू दर वर्षी ओरडतात, "अजून वर्स संपलं न्हाय की रं!" मी म्हणतो, "आमच्या म्हाताऱ्याला लवकर झोप येते काकू." आमच्या म्हाताऱ्याचं अजून एक वैशिष्ट्य आहे. त्याच्या पोटात गवत कमी आणि स्थळं जास्त. वर्षभरात ज्याला जी आली ती त्यानं आणून कोंबायची. आप्पांनासुद्धा येतात, विधवा बायकांची. कुणाचे फोटो मात्र घालायचे नाहीत, हा नियम निपाणीकराचा. "पोरींनी काय वाकडं केलंय आपलं? फोटो परत पाठवायचे," म्हणतो.

तर ह्या एकतीस डिसेंबरला दुपारी साडेचारला आम्ही दोघं गच्चीवर होतो. मी म्हाताऱ्याची पँट सुतळीनं आवळत होतो, निपाणीकर टाके घालत होता. टाके घालायला त्याच्यासारखा माणूस नाही. जिन्यात चपला वाजल्या. मला वाटलं, आप्पा लवकर आले.

आक्का आली. हातात डबा, खांद्याला पर्स, बसनं अंग आंबलेलं.

"फोन उचलायला काय होतंय रं तुला? चार वेळा केला. रविवारचं ठरवाय नको?"

मी उठलो तो म्हाताऱ्याच्या पुढं आडवा उभा राहिलो, आणि तिथंच चुकलो. वर्गात कॉपी लपवणारं पोर ती तीस वर्षं ओळखते आहे. तिनं मला हातानं बाजूला केलं. म्हाताऱ्याचा शर्ट अजून शिवायचा होता. पोटातून रेघांचे कागद बाहेर आलेले. तिनं एक ओढला, वाचला. दुसरा ओढला.

"हे माझं अक्षर हाय."

तिनं तिसरा ओढला. "ही अथणीची नर्स. हिचं लिहिताना मी रात्रभर..." तिनं तो कागद माझ्यापुढं धरला. "दर वर्षी जाळतोस व्हय?"

"आक्का, ऐक..."

"मी काय येडी हाय व्हय? शाळा करून, सयपाक करून बसून लिहितो मी. एक खाडाखोड न्हाय त्यात. आन् तू म्हाताऱ्याच्या पोटात घालतोस?"

मला तेव्हा राग आला. घाबरलो की मला राग येतो, ती खोडच आहे. मी ओरडलो, "मग काय करू? मला न्हाय लग्न करायचं कुठल्या मुलीशी! ह्याच्यासंगं राहतो मी. सहा वर्षं झाली. तुला दिसत न्हाय?" आणि बोट निपाणीकराकडं गेलं. तो बिचारा हातात सुई घेऊन बसलेला. शेजारच्या काकूंच्या गच्चीवरचा रेडिओ कुणीतरी बारीक केला.

आक्का खुर्चीवर बसली. खुर्ची म्हाताऱ्याची होती, म्हणून म्हाताऱ्याला मांडीवर घेऊन बसली. आणि गप्प झाली. मी ज्याला घाबरत होतो तेच झालं.

मग ती म्हणाली, "घोड्याचं मी बी बघितलं."

"काय?"

"ते घोड्याचं. दोघं असत्यात त्यात. माझ्या चौकोनात देवाचं आन् भाजीचंच येतंय. दोन वर्सामागं दिवाळीत चुकून तुझ्या चौकोनात गेलतो. तवापासून तिकडंच बघतो. तू काय काय बघतोस ते सगळं मी बघितलं. एक दोन लई वंगाळ हाईत, ते पुढं पळवलं."

निपाणीकराला हसू फुटलं. मी त्याच्याकडं डोळे वटारले. मग माझी ट्यूब पेटली आणि संताप आला, खरा संताप. "म्हणजे दोन वर्षं तुला माहीत हाय? मग ही कागदं कशाला पाठवत होतीस? रायबागचे पाहुणे कशाला?"

"आधीची खरोखरची लग्नासाठी हुती. ही दोन वर्सांतली तू सांगावंस म्हणून." ती म्हाताऱ्याची टोपी नीट करत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "दर टायमाला वाटायचं, आता चिडंल आन् सांगंल. कागदानं चिडला न्हाईस, म्हणून माणसंच बोलावली. मला काय आवड हाय व्हय लोकांच्या पोरींचं वजन-उंची लिवायची? तू माझ्याशी खोटं बोलत हुतास. आई गेल्यावर तुला शाळेत घालताना मी साडीच्या पदराला तुझं बोट बांधून न्हेलंय. आन् तू मला आमटी न्हाय तर ओट्यावर खेळवत बसलास."

"आमटीचं तूच काढलंस."

"मग काय काढू? तू इचारायचास, कसं वाटलं. मी म्हणायचो, ह्यो आता पुढचं बोलंल. तू गपगार."

मी रडलो. सांगायला लाज कसली, गच्चीवर फतकल मारून रडलो. मला तिची भीती वाटली होती ह्याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटली. तिनं उठून माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायची तशीच, नेमकी लागेल अशी. मग निपाणीकराकडं वळून म्हणाली, "डॉक्टर, बस की खाली. मी काय खातोय व्हय तुला? डब्यात धपाटी हाईत. गार झाली म्हणून टाकू नका." तो बसला. एका धपाट्याचे त्यानं चार घास केले, आणि पाचव्या मिनिटाला ते दोघं शेळीच्या कानाबद्दल बोलत होते. मी डोळे पुसत बाजूला. माझं कुणाला काही पडलेलं नव्हतं, आणि मला इतकं बरं आजवर कधी वाटलं नव्हतं.

कागद तिनं पुन्हा एकेक करून नीट घडी घालून म्हाताऱ्याच्या पोटात भरले. अथणीच्या नर्सचं लग्न होऊन तिला जुळी झाली आहेत, हे तिनं भरता भरता सांगितलं. निपाणीकरानं शेवटचा टाका घातला.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. रायबागचे पाहुणे. तिनं पदर सारखा केला, बाई वर्गात जाताना करते तसा, आणि फोन कानाला लावला. त्यांचा आवाज एवढा मोठा की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. रविवारी सकाळी येऊ की दुपारी, विचारत होते.

"न्हाय पाव्हणं, येऊ नका," आक्का म्हणाली. "माफ करा, तुमाला आशेला लावलं. आमच्या भावाचं ठरलंय."

"असं व्हय? बरं झालं की. कधी ठरलं?"

आक्कानं फोनवर हात ठेवला आणि निपाणीकराला विचारलं, "किती वर्सं म्हणाला ह्यो?" त्याच्या तोंडात धपाटं होतं. त्यानं एक पंजा आणि एक बोट दाखवलं.

"सहा वर्सं झाली," आक्का फोनवर म्हणाली. "घरात सांगायचं तेवढं ऱ्हायलं हुतं."