घरच्या माणसाचा प्रश्न

आमचं विद्यापीठ लहान आहे, आणि ते सांगताना मला कधी लाज वाटली नाही. मोशीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला, एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये ते सुरू झालं. संस्थापक स्वतः कारखानदार. जन्मभर गाड्यांचे सुटे भाग बनवले आणि उतारवयात त्यांच्या डोक्यात आलं, की या पट्ट्यात सगळं तयार होतं, पण हे सगळं कशासाठी, असं विचारणारं कोणी तयार होत नाही. म्हणून इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, समाजशास्त्र. लोकांनी वेड्यात काढलं. “राव, आयटीआय काढा, पोरं रांग लावतील,” असं तोंडावर सांगायचे. संस्थापक हसायचे आणि आपलंच खरं करायचे.

मी पहिल्यापासून इथे इतिहास शिकवते. रावेतहून स्कूटरवर, कंटेनरच्या मागे धूळ खात आणि मनातल्या मनात शिव्या घालत यायचे. उन्हाळ्यात पत्रा तापला की वर्ग बाहेर झाडाखाली. एका टेबलाभोवती मावतील तेवढीच मुलं घ्यायची, जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि आपलं ताट आपण धुवायचं. एका विभागप्रमुखांना हे ताट धुणं मानवलं नाही, सत्र संपायच्या आत निघून गेले. बरं झालं, ब्याद गेली.

संस्थापकांनी एक रीत घालून दिली होती. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं आपला अभ्यास घरच्या माणसांसमोर, घरच्या बोलीत सांगायचा. परीक्षकांनी काय विचारायचं ते विचारावं, पण शेवटचा प्रश्न घरच्या माणसाचा, आणि तो विचारल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही. “आईबापाला सांगता येत नसेल, तर तुला ते कळलंय कशावरून?” असं ते म्हणत. ते गेले. शेडच्या जागी काचेची इमारत आली, नवे विश्वस्त आले. एखादी आई पदर सावरत उभी राहून “याच्यावर नोकरी लागंल का?” एवढंच विचारी, तेव्हा नव्या मंडळींना हसू फुटायचं. त्यांच्या हसण्यानं माझं टाळकं सरकायचं.

एका वर्षी माझ्याकडे चाकणजवळच्या गावातली एक मुलगी होती. घरची थोडी शेती, वडील कंपनीत. तिनं विषय निवडला, पाळीच्या घरातली झोप, म्हणजे कंपनीतून रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, तेव्हा ते घर कसं वागतं. दिघीपासून स्वतःच्या गावापर्यंत घरोघर हिंडली. पुढच्या संशोधनासाठी विद्यापीठात एकच जागा होती आणि ती या परीक्षेवर ठरणार होती. “मॅडम, ही जागा हुकली तर मी कंपनीत लागेन,” ती मला म्हणाली होती, “आणि परत पुस्तक उघडायची नाही. मला ठाऊक आहे मी कशी आहे ते.” मलाही ठाऊक होतं.

आता गंमत बघा. विषय रात्रपाळीवाल्यांच्या झोपेचा, आणि आमच्या शहाण्या कार्यालयानं वेळ दिली सकाळी दहाची! आई शेतावर कांदा काढायला गेलेली. वडील रात्रीची तिसरी पाळी करून कंपनीच्या बसमधून तसेच फाटकाशी उतरले, अंगावर गणवेश, पायांत सेफ्टी शूज. पहिल्या रांगेत बसले. ती चार वाक्यं बोलली नसेल, तोच त्यांची मान कलली.

तिनं ते पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. घाबरून नव्हे. वर्गात ही पोरगी भांडायला उभी राहिली की बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायची. आता ती त्याच खालच्या आवाजात सांगत राहिली. अशा घरांत कुकरची शिट्टी होऊ देत नाहीत, आधीच गॅस बंद करतात. बेलची वायर काढून ठेवतात. तान्ह्या बाळाला रडू आलं की शेजारी नेतात. मागे बसलेल्या मुलांपैकी कितीतरी असल्याच घरांतली. त्यांची चुळबुळ थांबली. उशिरा आलेल्या एकीनं दाराची कडी हातात धरून दार लावलं, आवाज होऊ नये म्हणून.

“जरा मोठ्यानं बोला,” बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले.

“सर, पप्पा झोपलेत,” ती म्हणाली.

एक विश्वस्त वडिलांना उठवायला निघाले. मी त्यांची बाही धरली आणि म्हटलं, “बसा हो गप.” जागा मात्र परीक्षकांच्या हातात होती. ते उठले आणि आपली खुर्ची उचलून, न ओढता, तिच्याजवळ नेऊन ठेवली.

तिचं सांगून झालं, परीक्षकांचे प्रश्न झाले. तिनं स्वतःच जाऊन वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकून उभे राहिले.

“माफी करा, डोळा लागला. नाइट व्हती,” ते म्हणाले. मी त्यांना शेवटच्या प्रश्नाचं सांगितलं, त्यावाचून परीक्षा पुरी होत नाही म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. “म्या काय इचारू, मॅडम? म्या तर ऐकलंच न्हाई.”

समोर पडद्यावर तिनं काढलेला शेवटचा फोटो होता. त्यांच्याच घराचं अंगण, भर दुपार, दार लावलेलं, अंगणात कोणी नाही. ते दोन पावलं पडद्याजवळ गेले. मग लेकीकडे वळले.

“म्या दुपारचा घरी झोपायचो तवा... तुमी दोघं भावंडं खेळायचा कुठं?”



“न्हाई खेळायचो, पप्पा,” ती म्हणाली. “दाराशी बसून तुमी उठायची वाट बघायचो.”

परीक्षकांनी तिथेच सही केली. जागा तिला मिळाली. माझे डोळे भरून आले होते, ते लपवायचं भानही राहिलं नाही. वडील अजून उभेच होते, खाली बसायला तयार नव्हते. मी जवळ जाऊन म्हटलं, “झालं हो सगळं छान. आता घरी जाऊन निवांत झोपा.”

“आता कसली झोप, मॅडम,” ते म्हणाले.