बारशाच्या मुडीचा पेंढा

ह्यांनी साजगावच्या कारखान्यातून पांढरा ससा घरी आणला, तोवर आमच्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि घरात पाळणा काही हलला नव्हता. तिथल्या साहेबांची बदली झाली, म्हणून त्यांचा ससा आमच्याकडे आला. "त्याला वाळकं गवत घालायला सांगितलंय," हे म्हणाले. सासूबाई फणकारल्या, "गवात ढोरांना घालतात रं! घरातल्या जीवाला कोन घालतं?" बैलाला गवत आणि लाडक्याला भात, ही आमच्याकडची रीत. मग काय, तांदळाची भाकरी, गूळ, दूधभात, सगळे लाड सुरू झाले. शेजारणी हसायच्या, "पोर नाय तर ससा!" हसोत मेल्या. मी त्याला मांडीवर घेऊनच तांदूळ निवडायची.

श्रावणात एका सकाळी त्याने भाकरीकडे पाठ फिरवली. लेंड्या बंद, पोट तट्ट फुगलेलं, कोपऱ्यात बसून दात करकर वाजवत होता. आजाऱ्याला पेज द्यायची, एवढंच आम्हाला ठाऊक. वाटी वाटी पाजली, तर आणखीच फुगला. शेवटी त्याला पदरात गुंडाळून भर पावसात खालापूरला गुरांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "पेज, भात, गूळ सगळं बंद करा, बाई. ह्याचं पोट काडीवर चालतं. वाळकं गवत पोटात गेलं तर वाचेल. ओलं, कुबट मात्र अजिबात नको."

अरे देवा, श्रावणात वाळकं गवत! सगळा मुलूख हिरवागार, बांधावर कमरेएवढं गवत, आणि मला एक कोरडी काडी मिळेना. आमची पेंढ्याची उडवी उपसली, ती आतून काळी पडलेली. गवताच्या वखारीतल्या गासड्या पावसाआधीच मुंबईच्या तबेल्यांना गेलेल्या. दारोदार पदर पसरला. "सशापायी येड लागलं काय गं तुला?" एकीने विचारलं. लागलंय, म्हटलं, तुझ्या बापाचं काय गेलं? घरी येऊन चुलीपुढे बसले आणि मोठ्याने गळा काढला. एवढा एकच जीव मला दिलास, तोही नेतोस का रे देवा?

सासूबाई उठल्या. शिडी लावून माळ्यावर चढल्या आणि चुलीच्या धुरावर ठेवलेली मुडी खाली घेऊन आल्या. मुडी म्हणजे पेंढ्यात घट्ट आवळून बांधलेला तांदूळ. ही बारशाची. दर वर्षी भाताची झोडणी झाली की जुनी मोकळी करून, निवडक पेंढा घेऊन त्या नवी बांधायच्या आणि म्हणायच्या, "नातवाच्या बारशाला फोडू." तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

"आई, ही नको," मी म्हणाले.

त्यांनी कोयत्याने दोर कापला. तांदूळ सुपात सांडला. पेंढा खडखडीत कोरडा होता. एकेक काडी सशाच्या तोंडापुढे धरत त्या म्हणाल्या, "खा रं बाबा. खा."

बराच वेळ तो नुसता हुंगत राहिला. मग कुरकुर आवाज आला. दुसऱ्या दिवशी टोपलीत लेंड्या दिसल्या आणि मी रडत रडत देवापुढे साखर ठेवली.

सासूबाई तोच तांदूळ पाखडत बसल्या होत्या. "परत बांधून ठेवूया, आई," मी म्हणाले.

"नको गं," वर न बघता त्या म्हणाल्या. "शिजव. आता कुनासाठी ठेवायचा?"

त्या वर्षी झोडणीनंतर त्यांनी निवडक पेंढा माळ्यावर रचला, सशासाठी. मुडी मात्र बांधली नाही.