गौरीचे आठ दिवस

वकीलबाईंचं ऑफिस राजाजीनगरात होतं आणि माझ्या मुलीचं सासरही तिथेच, दोन रस्ते सोडून. म्हणून रिक्षा तिकडे वळताच मी डोक्यावरून पदर घेतला. मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, मी कुणाचं काही चोरलेलं नाही." मी पदर खाली घेतला. उतरताना पुन्हा घेतलाच.

आदल्या वर्षी संक्रांतीनंतर तिने सासर सोडलं आणि चामराजपेटेत माझ्याकडे आली. इथूनच ती बेळ्ळंदूरच्या ऑफिसला जायची. त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. घटस्फोटासाठी वकील शोधायचं काम मी हट्टाने अंगावर घेतलं आणि नुसतं लांबवत राहिले. आमच्या घराचे कागद बघणारे एक म्हातारे वकील आहेत, आधी तिला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी कॉफी पाजली आणि नवराबायकोला समोर बसवून चार शब्द सांगतो म्हणाले. मला ते फार पटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. शेवटी मुलीनेच ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारून या बाई शोधल्या.

कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मी प्रश्न लिहून नेले होते. कोर्टात कितीदा उभं राहावं लागतं, दागिने परत मिळतात का, पेपरात नाव येतं का. बाई कन्नडमध्ये, न कंटाळता उत्तरं देत होत्या. दोघंही तयार असतील तर अर्ज एकत्र करायचा, मग कोर्टात एकमेकांची उणीदुणी काढावी लागत नाहीत. लग्नात तिला घातलेले दागिने तिचेच. पेपराचं ऐकून त्या जरा हसल्या. फक्त अर्जाआधी किमान वर्षभर नवराबायको वेगळे राहिलेले असायला हवेत, आणि निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही मन बदलू शकतं. जावई त्या वेळी सही करायला तयार होता. सव्वा वर्षही झालेलं होतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग त्यांनी मुलीला विचारलं, मधल्या काळात तिकडे राहायला गेला होतात का?

गेल्या भाद्रपदात, गौरीला, आठ दिवस, ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

तिला मी पाठवलं होतं. विहीणबाईंचा फोन आला होता, एकुलती एक सून असताना गौरी घरात आणायची कुणी, लोक काय म्हणतील. मी लगेच मुलीच्या मागे हात धुऊन लागले. देवीचं काम आहे, भांडण चार दिवस बाजूला ठेव म्हटलं. साडीला इस्त्रीसुद्धा मीच केली. खरं सांगायचं तर मला देवीपेक्षा लोकांचीच धास्ती जास्त होती.

"ते आठ दिवस लिहायचेच कशाला?" मी मध्येच तोंड घातलं. बाई म्हणाल्या, अर्जातला मजकूर शपथेवर असतो. मग त्यांनी आवाज जरा खाली आणून मुलीला विचारलं, झोपायची सोय कुठे होती?

"त्याच्या खोलीत," मुलगी म्हणाली. "बाकी घर पाहुण्यांनी भरलं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या दिवसांनंतरच वर्ष मोजलेलं बरं, म्हणाल्या, उगाच पुढे कुणी बोट दाखवायला नको. गणपती झाल्यावर या. म्हणजे आणखी पाच महिने, आणि तेवढ्यात जावयाचं मन फिरलं तर सगळंच लांबणार.

खोलीचं मला ठाऊक होतं. पहिल्याच संध्याकाळी तिचा फोन आला होता, माझं अंथरूण त्याच्या खोलीत घातलंय, मला न्यायला ये. मी म्हटलं, नवराच आहे ना तुझा, स्वल्प सोसून घे. चामराजपेटेहून राजाजीनगर रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. गौरी तिसऱ्या दिवशी बोळवली. मुलीला आणायला मी आठव्या दिवशी गेले, तेही विहीणबाईंसाठी डबाभर करंज्या घेऊन. मला माझीच लाज वाटते.

वकीलबाईंकडून परतताना ती रिक्षावाल्याला वाट सांगत राहिली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

यंदा गौरीच्या आधी चार दिवस विहीणबाईंचा पुन्हा फोन आला. मुलगी समोर कोथिंबीर निवडत बसली होती. विहीणबाई म्हणाल्या, मुलगाही म्हणतोय, सही काय कधीही करता येईल, एकदा येऊन जाऊ दे. चारच दिवस पाठवा, सरी, चालेल ना? मुलीचे हात थांबले. माझ्या तोंडात 'विचारून सांगते' आलंच होतं, इतकी मी निर्ढावलेली.

"विहीणबाई, ती येणार नाही," मी म्हटलं. "गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी तिने मला न्यायला बोलावलं होतं. मी आले नाही. चूक माझी होती."

तिकडून फोन बंद झाला. मुलीने पुढची काडी उचलली.

"तेव्हा का नाही आलीस?" तिने विचारलं. एका वर्षात पहिल्यांदाच.

"तिकडे घरात पाहुणे होते ना गं, लोक काय म्हणाले असते," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि कोथिंबीर निवडत राहिली.