पालखीच्या चालीनं

साठी ओलांडल्यावर विजयसिंहानं बँड काढायचं ठरवलं तेव्हा त्यानं कुणालाच विचारलं नाही. मलाही नाही. एका सकाळी दारात उभा राहून म्हणाला, "यज्ञा, बेस तू वाजवणार हाईस." मी गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर. कॉलेजात असताना बेस गिटारच्या चार तारा बडवल्या होत्या, तेवढीच माझी पात्रता. पण ह्या माणसाला नाही म्हटलेलं ऐकूच जात नाही.

त्याचा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे. आवाज असा, की मशीन चालू ठेवून फोनवर बोलतो आणि पलीकडच्याला सगळं कळतं. तरुणपणी आम्हा दोघांना ब्लूज-रॉकचं वेड लागलं होतं. गाणं दुःखाचंच, पण मान ताठ ठेवून, गिटारीला रडायला लावून म्हणायचं. पुण्याहून आणलेल्या कॅसेटी पार झिजवून आम्ही ते शिकलो. मग कॉलेजच्या गॅदरिंगला विजयसिंहानं स्वतः रचलेलं एक संथ गाणं धरलं, आणि पोरांनी हुर्यो उडवून निम्म्यातच आम्हाला खाली उतरवलं. गिटार कपाटावर गेली. त्याच्या बायकोनं, संयोगितावहिनींनी, ते गाणं कधी ऐकलं नव्हतं. ते अर्धं राहिल्याचं रडगाणं मात्र लग्नापासून ऐकत होत्या. आता त्याला ते एकदा लोकांसमोर शेवटपर्यंत वाजवायचं होतं. बाकी बँडबिंड सगळं निमित्त.

ड्रमला पिराजी मिळाला. लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात साइड ड्रम अडकवून त्याची हयात गेलेली, हात एकदम तयार. पण सुट्टीच्या दिवशी कारखान्यात सराव सुरू झाला आणि घोटाळा कळला. स्टुलावर बसवला की पिराजीचा ठेका पळायचा. गाणं संथ, आणि ह्याला नवरदेव मांडवात पोचवायची घाई. विजयसिंह चिडला, मग पिराजीही चिडला. उभ्या जन्मात बसून वाजवलेलं नाही, पाय चालले तर हात चालतात, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

विजयसिंहानं क्षणभर डोकं खाजवलं आणि ड्रम त्याच्या गळ्यात अडकवला. "मशिनींमधनं चालत वाजीव. पण वरात इसर. शुक्रवारची अंबाबाईची पालखी हाय, सावकाश चाललीया, असं समज."

पिराजी चालायला लागला आणि ठेका जागच्या जागी बसला. इतका सुरेख, की मीच माझा सूर चुकलो.

आमच्या पेठेतल्या तालमीच्या वर्धापनदिनाला ऑर्केस्ट्राच्या आधी एक गाणं वाजवायला मिळालं. तालमीचा सेक्रेटरी राजवीर म्हणाला, स्टेज लहान, वायरींचं जाळं, ड्रमवाल्यानं बसूनच वाजवायचं. विजयसिंह बिनधास्त हो म्हणाला. आता पिराजीच्या अंगात चाल मुरली आहे, काही होत नाही, असं त्याचं मत. मला काळजी वाटत होती, पण मास्तरांची काळजी कोण मनावर घेतो?

त्या संध्याकाळी पटांगण भरलं होतं. संयोगितावहिनी पहिल्या रांगेत. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्याला ठेका पळाला, मी त्याच्यामागं पळालो, आणि मागच्या रांगेतून शिट्टी आली. ती शिट्टी मला गॅदरिंगपासून ओळखीची वाटली. कसंबसं उरकून उतरावं, असं माझ्या मनात आलं.

विजयसिंहानं हात वर करून गाणं थांबवलं. भर लोकांत, माइकसमोर.

"पिराजी, ऊठ. चालत वाजीव."

"जागा कुठं हाय, दादा?"

"खाली उतर की. तालीम आपलीच हाय."

पिराजीनं ड्रम गळ्यात घातला आणि पायऱ्या उतरून खुर्च्यांमध्ये शिरला. विजयसिंहानं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पिराजी पालखीच्या चालीनं यायला लागला तशी माणसं आपसूक उठली आणि खुर्च्या सरकवून वाट द्यायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. एका म्हाताऱ्या पैलवानानं तर सवयीनं चपला काढल्या. शिट्टी कुठं विरली ते कळलंही नाही. पिराजी फाटकापर्यंत गेला, वळला, आणि तो परत येईपर्यंत विजयसिंहानं गिटार अशी काही वाजवली, की माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत. दोन्ही हात कामात होते.

गाणं संपलं तेव्हा सगळं पटांगण उभं होतं. टाळ्यांमध्येच संयोगितावहिनी स्टेजजवळ आल्या.

"झालं न्हवं पुरं?"

मशीनच्या वरताण बोलणाऱ्या माणसानं नुसती मान डोलावली.

खाली पिराजी अजून ड्रम गळ्यात घेऊन ताटकळत होता. "दादा," तो म्हणाला, "आता बसू का?"