फिल्टरची शिट्टी

काल मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि मी मनानं थेट कित्येक वर्षं मागं, सुरेशच्या खोलीत जाऊन पोचलो. कसबा बावड्यात आमच्या ऑर्केस्ट्राचा जुना सिंथेसायझर तो दुरुस्त करायचा. त्या दुपारी खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता आणि मी हेडफोन लावून बसलो होतो.

सुरेशनं आवाज गाळणाऱ्या फिल्टरचं रेझोनन्सचं बटन शेवटपर्यंत पिळलं. एकही पट्टी दाबलेली नसताना बारीक, गोल शिट्टी सुरू झाली.

"आयला, बोट लावलं न्हाईस तरी वाजतंय की!"

"फिल्टरला त्याचाच आवाज परत पाजलाय. आता त्याला कुणाची गरज न्हाय."

मग त्यानं आवाज चढवून एक पट्टी दाबली. शिट्टी चिरकली, गुरगुरली आणि पट्टी सोडताच पुन्हा निर्मळ झाली. मी तर खुळावलोच.

"अजून वाढव!"

"कान जातील लेका."

"जाऊ देत. वाढव."

या आवाजावर आपण जिल्हा गाजवणार, असं वाटलं होतं. आज ऑर्केस्ट्रा नाही, सिंथेसायझर भंगारात गेला. ती शिट्टी मात्र माझ्या उजव्या कानात आहे, रोज झोपेतून उठल्यापासून. यावर औषध नाही, सवय करून घ्या, म्हणतात डॉक्टर.

त्या दुपारी शेवटी सुरेशनं बटन मागे फिरवलं. शिट्टी विझली. कानात, खोलीत, सगळीकडे शांत झालं. मला ते क्षणभरही सोसलं नाही.

"बंद का केलंस?" मी ओरडलो. "लाव परत."