नथू आगवाल्याची बोट

नथू मला पहिल्यांदा दिसला तो किन्हवलीजवळच्या ओढ्यात, महादूच्या बैलगाडीत उभा. ओढ्याला पाणी घोटाभर. पण नथूचा आविर्भाव असा की अरबी समुद्राने आजच त्याच्याशी वैर धरलं आहे. एक हात कमरेवर, दुसरा कपाळावर, आणि आवाज एवढा दणदणीत की माहुली गडावरची माकडं खाली उतरून कुणी बुडताना बघायला मिळतंय का ते पाहू लागली असावीत. "डावं दाब! आस्ते! आता पुढं सोड!" बैलांनी हे समुद्री मराठी कधी ऐकलं नव्हतं. ते थांबले. महादूने मागे न बघता सांगितलं, "नथूभाव, तुमी खाली बसा, मग हे चालतील."

नथू बसला, बैल चालले.

हा गृहस्थ मुंबईहून रत्नागिरी-गोव्याकडे जाणाऱ्या 'जलवंती' नावाच्या उतारूंच्या बोटीवर होता. कोकणातल्या बोटी पावसाळाभर बंद, म्हणून आवणीला, भातलावणीला, घरी यायचा आणि नारळी पौर्णिमेला परत जायचा. चिखलात उभा राहून भाताची रोपं लावताना तो गावाला बोटीच्या गोष्टी सांगे. त्यांत सुकाणू कायम नथूच्या हातात असे. कप्तान बहुधा झोपलेला असे.

त्याच्या बायकोचं, बारकीचं, एकच मागणं होतं. "मला एकदा तुमच्या बोटीत बसवा. लांब नको. त्या दाभोळापातुर."

"पुढल्या साली," नथू म्हणे.

लग्न झालं तेव्हापासून हेच. कधी गर्दी फार, कधी वारा वाईट, कधी म्हणे बोटीला रंग लावायचा आहे. खरं कारण एवढंच होतं की नथू सुकाणूच्या आसपासही नव्हता. तो बोटीच्या पोटात, भट्टीपाशी, कोळसा ओढणारा आगवाला होता. कसाऱ्याला रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकता टाकता बोटीवर गेला आणि तिथंही कोळसाच टाकत राहिला. बारकी बोटीवर चढली असती तर नवरा तिला फावडं घेतलेला, लंगोटीवर, काजळासारखा दिसला असता. त्यापेक्षा बायको किनाऱ्यावर बरी.

मग लढाई आली. सरकारने 'जलवंती' ताब्यात घेतली, पांढरी बोट राखाडी केली, उतारूंच्या जागी शिपाई भरले आणि तिला पार बसऱ्यापर्यंत पिटाळली. लढाईला पाऊस कळत नाही. बोट बारा महिने चालली. नथू आवणीला आला नाही. बारकीने जावेला, ठमीला, हाताशी धरून शेत लावलं. कुणी विचारलं तर सांगायची, "ते बोट चालवतात." हे मात्र तिने कधी हसून सांगितलं नाही.

सेहेचाळीस साली बोट पुन्हा पांढरी झाली, उतारू घेऊ लागली. चैत्रात नथू रजेवर आला, केस पिकलेले, एका कानाने कमी ऐकणारा. ओट्यावर बसून तो पुन्हा सुरू झाला, "सुकाणू धरलं मी, आणि..."

बारकी त्याचा सदरा पिळत होती. "अवो, इतकी वरसं तुमची कापडं मीच धुते ना? सुकानूला कोळसा लागतो होय?"

ठमी पदर तोंडाला लावून आत पळाली.

नथूने पिळलेल्या सदऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तुला ठावं होतं, तं बोलली का नाय गो?"

"तुमी नेलं असतंत तं तिथं बोलले असते."

त्या दिवशी ठरलं, जायचं. नथू तर लगेच निघाला असता. पण आमच्याकडे पाल्यापाचोळ्याचा राब शेतात भाजल्याशिवाय घरची बाई गाव सोडत नाही. तो भाजला नाही तर रोपं कुठं टाकायची? त्यात अवकाळी सर आली, रचलेला राब भिजला. "वाळू दे," नथू म्हणाला. "बोट कुठं पळते?" लढाईत भर पावसातही बोटीवर कोळसा ओढलेला माणूस तो. शांततेच्या काळात बोटी पावसाआधी बंद होतात, हे त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. बंद व्हायची नेमकी तारीख गावात इतर कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

राब भाजून, भाकऱ्या आणि सुकट बांधून दोघं मुंबईला पोचली तेव्हा 'जलवंती' धक्क्याला ताडपत्री ओढून उभी होती. शेवटची फेरी आदल्या दिवशी होऊन गेली होती. पहारेकऱ्याने वर चढू दिलं नाही. दोघांनी धक्क्यावर बसून भाकरी खाल्ली. बारकीने विचारलं, "तुमची भट्टी कुठल्या अंगाला?" नथूने हाताने जागा दाखवली. ती तिकडे बघत राहिली.

"दिवाळीला येऊ," ती म्हणाली. "आता लपवायचं काय ऱ्हायलं?"

आवण संपता संपता तिला हिवताप भरला. शहापूरच्या दवाखान्यात न्यायला महादूने गाडी जुंपली, पण तोवर उशीर झाला होता. नारळी पौर्णिमेला बोटी सुरू झाल्या तेव्हा घरात तिच्या सुतकाचे दिवस चालू होते. नथू पहिल्या फेरीला हजर राहिला नाही, म्हणून बोटवाल्यांनी त्याच्या जागी दुसरा आगवाला घेतला.